बिनखुणेचा शर्ट

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी मी चौतीस वर्षांची होते. आई धाकटी चालायला लागायच्या आत गेली आणि वडील तिच्या लग्नाच्या तीन वर्षं आधी. धाकटीला मीच वाढवलं, शाळेत घातलं, कॉलेजात घातलं आणि त्या वर्षी तिला नवऱ्याबरोबर स्टेशनवर सोडून आले. घरी येऊन दुकानाच्या वरची खोली उघडली. डोळे पुसायचे म्हणून पदर धरला, तर तो मळलेला. म्हणून कपडे भिजवायला बसले. सगळं घरचं धुणं एका बादलीत मावलं. वर बादलीत जागा उरली.

त्याआधी मला एकटं वाटलंच नव्हतं असं नाही. पण डोळ्यांना दिसलं ते त्या दिवशी.

आमचं इस्त्रीचं दुकान वडिलांच्या हातचं. सहा दुकानांची एक ठेंगणी रांग होती, त्यात माझं चौथं. पहिलं बेकरीवाल्या मावशींचं. शेवटचं सहावं बरेच दिवस बंद होतं. दीडशे घरांचे कपडे माझ्याकडे येत आणि एकाचा कपडा दुसऱ्याकडे कधी गेला नाही. प्रत्येक घराची दोऱ्याची खूण मी ठरवून टाकली होती. कॉलरच्या आतून, कुणाला दिसणार नाही असे टाके. डॉक्टरीणबाईंचा निळा, दोन टाके. हेडमास्तरांचा तपकिरी, आडवा. लोक म्हणत, इस्त्रीवाल्या ताईंची काय शिस्त. शिस्त कसली, मला लिहिता-वाचता येत नव्हतं. धाकटी सोडून हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी कुणाला कळूच दिलं नव्हतं.

घरच्या कपड्यांवर मात्र खूण नसे. ज्यावर खूण नाही ते आपलं, असा वडिलांपासूनचा रिवाज.

धाकटीच्या लग्नानंतर दोन महिन्यांत हेडमास्तरांचा शर्ट डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याकडे गेला. तो त्यांनी घातलाही. पोटाशी बटण लागेना तेव्हा कळलं.

"डोळे दाखव," बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या. "सहाव्या दुकानात चष्मेवाला आलाय. रांगेतलाच माणूस आहे, लांब कशाला जातेस."

"माझे डोळे चांगले आहेत."

"हो, म्हणूनच काल मला पाव समजून ब्रश देत होतीस."

मी गेले. बाहेर भुरभुर पाऊस होता. पायरीवर पाय पुसत होते तर आतून आवाज आला, "पुसू नका, या. फरशी मलाच पुसायची आहे, माझी करमणूक तेवढीच."

चष्मेवाले उंच, किडकिडीत. शर्ट धुतलेला, पण कॉलर अशी की त्यावरून कुणी रात्रभर झोपून गेलं असावं. माझी नजर आधी तिथेच गेली. त्यांनी ती पाहिली आणि हातानेच कॉलर दाबली.

"काय होतंय?"

"दोरा ओवताना दोन सुया दिसतात."

"मग एकीत तरी जातो का?"

"खरी कुठली ते कळलं तर घालीन."

ते हसले नाहीत, पण गाल जरा हलला. मला स्टुलावर बसवलं, ती जड चौकट नाकावर ठेवली आणि समोर भिंतीवर तक्ता टांगला. वर एक भलंमोठं अक्षर, खाली खाली बारीक होत गेलेल्या ओळी.

"वरून वाचा."

मी पदराची कड बोटाला गुंडाळली.

"दिसत नाही."

त्यांनी काच बदलली. "आता?"

"नाही."

"आता?"

"नाहीच."

चौथी काच हातात घेऊन ते जरा थांबले. मग माझ्याकडे न बघता ते भिंतीशी गेले आणि तक्ता उलटा करून टांगला. मागच्या बाजूला लहान मुलांसाठी चित्रं होती.

"पुढची बाजू जुनी झालीय," ते म्हणाले. "अक्षरं पुसट झालीत. ही बघा."

तक्ता कोरा करकरीत होता. शाईचा वास येत होता त्याला.

"घर," मी म्हटलं. "छत्री. मासा. किल्ली... तो पक्षी आहे की किटली?"

"म्हणजे तुमचा नंबर किटलीवर अडलाय."

चार दिवसांनी चष्मा झाला. तो लावून मी वर खोलीत गेले तर धाकटीच्या रिकाम्या खुंटीवरची धूळसुद्धा स्पष्ट दिसली. त्या खोट्याबद्दल मला त्यांचा राग यायला हवा होता. खुंटी पुसताना मी तो शोधत होते. सापडला नाही.

*

दुसऱ्या आठवड्यात ते चार शर्ट घेऊन आले. मी त्यांना पिवळा दोरा दिला, एक टाका. मग दर बुधवारी येऊ लागले. कपडे टाकायला एक मिनिट पुरतं. ते पंधरा मिनिटं थांबत.

"अहो, या कॉलरचं काही होईल का?"

"होईल. मालकाने त्यावर झोपायचं बंद केलं तर."

"मालक सरळच झोपतो हो. सकाळपर्यंत कॉलर का फिरते, कुणास ठाऊक."

रांगेत सगळे मला ताई म्हणत. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे कुलूपवालेही ताईच म्हणत. चष्मेवाले मात्र कधीच ताई म्हणाले नाहीत. त्यांचं नुसतं "अहो". धाकटी चार दिवस राहायला आली होती, तिने वरून ऐकलं.

"ताई, हा तुला अहो म्हणतो?"

"मग काय म्हणावं?"

"काही नाही. मी माझ्या नवऱ्याला म्हणते, म्हणून विचारलं."

मी तिच्या अंगावर ओला टॉवेल फेकला. ती गेली त्या रात्री मात्र तो शब्द खोलीत राहिला. एकटीनेच दोनदा म्हणून बघितला. भिंतीवरून परत येतो तेव्हा बरा वाटत नाही.

बुधवार सोडून आठवड्याचे सहा दिवस असतात हे मला त्या वर्षी कळलं.

उन्हाळ्यात पालिकेची नोटीस आली. रांगेमागच्या मोठ्या हॉलसाठी गाड्या लावायला जागा हवी होती, म्हणून रस्ता रुंद होणार आणि आमची सहाही दुकानं पडणार. हॉल ज्यांचा, तेच आमचे नगरसेवक. त्यांना सगळे हॉलवालेच म्हणत. निवडणूक दोन महिन्यांवर होती. बेकरीत आम्ही सहाजण बसलो. कुलूपवाले म्हणाले, आपल्यातला कुणी उभा राहिला पाहिजे. मग सगळे चष्मेवाल्यांकडे बघू लागले.

"मला रांगेत येऊन वर्ष झालंय," ते म्हणाले.

"पण अख्ख्या वॉर्डाचे डोळे तुम्ही तपासलेत," मावशी म्हणाल्या. "कुणाला काय दिसत नाही, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पावाचा चुरा गोळा करत होते.

"तुमचं काय म्हणणं?"

"माझं दुकान वडिलांचं आहे," मी म्हटलं. "ते गेलं तर मला दुसरं काही येत नाही. पण म्हणून तुम्ही उभं राहावं, असं मी कसं म्हणू..."

"म्हटलंत की."

*

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी दीड वाजता ते दुकानात शिरले ते निथळत. वळवाच्या सरीत सायकल घसरली होती. कोपर खरचटलेलं आणि हातात भिजलेल्या कागदांची गुंडाळी. अर्जाच्या दोन्ही प्रती. तीन वाजता खिडकी बंद होणार होती.

"हे असं ते घेणार नाहीत. नवा अर्ज आणायला वेळ नाही. अहो... कागदाला इस्त्री होते का?"

"आधी कोपर पुसा."

"कोपर राहू द्या."

"कोपराचं रक्त कागदाला लागलं, तर इस्त्रीने जात नाही."

त्यांनी मुकाट्याने कोपर पुसलं. मी इस्त्री कोमट होईपर्यंत थांबले. जास्त गरम झाली की कागद पिवळा पडतो. टेबलावर जुनी मऊ चादर टाकली, कागद पसरला, वर पातळ कापड धरलं आणि हलक्या हाताने कडेकडून आत येत गेले. ते माझ्या बाजूला उभे होते. कपड्यांतून वाफ निघावी तशी त्यांच्या भिजलेल्या शर्टातून इस्त्रीच्या उबेने वाफ निघत होती.

कागदाच्या मागे छापील चित्रांची यादी होती, निवडणुकीची चिन्हं. शिडी, किटली, कंदील, पंखा. चित्रं मला वाचता येत.

"चष्मा आहे की यात," मी म्हटलं.

"आहे."

"मग तोच मागितला असणार."

"अर्जात लिहिलंय."

मी कागद पालटला. निळ्या अक्षरांच्या ओळी. मी कापड नीट करायचं निमित्त केलं.

"माझा हात मोकळा नाही. काय काय लिहिलंय, वाचा बघू. चूक राहायला नको."

त्यांनी वाचलं. नाव. वय एकोणचाळीस. धंदा, चष्मे बनवणे व दुरुस्ती. मग जरा थांबून, पत्नी, हयात नाही. हे मला ठाऊक नव्हतं. इस्त्री क्षणभर एका जागी राहिली.

"जळेल," ते हळू म्हणाले.

"नाही जळत. पुढे?"

"पुढे पसंतीची तीन चिन्हं लिहायची असतात. त्या ओळी आता तुमच्या इस्त्रीखाली आहेत."

"मग इस्त्री उचलते."

"नको," ते म्हणाले. "असू द्या."

तीनला दहा मिनिटं कमी असताना अर्ज खिडकीतून आत गेला. एक प्रत शिक्का मारून त्यांना परत मिळाली.

आठवड्याने चिन्हं जाहीर झाली. चष्मेवाल्यांना इस्त्री मिळाली. बेकरीत हसून हसून सगळ्यांचे चहा सांडले.

"चष्मा का नाही मिळाला?" मी विचारलं.

"आधीच कुणीतरी मागितला असेल," ते म्हणाले. "उरलं ते दिलं त्यांनी."

*

प्रचार म्हणजे आमच्या सहा दुकानांचा रोजचा पायी फेरा. कुलूपवाले पुढे, मावशी मागे. दारोदारी चष्मेवाले म्हणत, "काकू, लक्ष असू द्या. ताई, मत द्या. दादा, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा, या एकदा, आणि मतही द्या." मी दुकान सांभाळायला मागे राही. एक दिवस फेरा आमच्याच रांगेवरून आला. माझ्या दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं, पलीकडे अर्धा रस्ता बघायला थांबलेला. चष्मेवाले हात जोडून दारात उभे राहिले.

"बोला की," मावशी मागून म्हणाल्या. "मत मागा."

"अहो..." ते म्हणाले आणि तिथेच थांबले. "अहो, मत द्या."

आधी डॉक्टरीणबाई हसल्या, मग सगळेच. मी मान खाली घालून एका उशीच्या अभ्र्याला तीनदा इस्त्री केली.

त्या हसण्याचं पुढे काय झालं ते मी चार दिवसांनी ऐकलं. हॉलवाल्यांनी चौकातल्या सभेत म्हटलं, "चष्मेवाल्यांना अख्ख्या वॉर्डात एकच दुकान दिसतं. चिन्हसुद्धा तिथलंच उचललंय. आधी स्वतःचा नंबर तपासून घ्या म्हणावं." लोक खूप हसले म्हणे. माझ्याकडे येणारे बारा घरांचे कपडे त्या आठवड्यात आले नाहीत.

शेवटच्या सभेसाठी चष्मेवाल्यांनी नवा पांढरा शर्ट घेतला होता. आदल्या दिवशी धुवून इस्त्रीला दिला. दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते न्यायला आले आणि शर्ट सापडेना. पिवळ्या टाक्यांचा गठ्ठा तीनदा उपसला. शेल्फामागे बघितलं. घामाघूम झाले. सहाला सभा होती.

"जुना घालतो," ते म्हणाले. "कॉलरची सवय आहे मला."

"थांबा."

मला एकदम काहीतरी आठवलं. मी वर पळाले. माझ्या कपाटात, माझ्या घड्यांच्या चळतीत, सगळ्यांत वर तो पांढरा शर्ट होता. नीट घडी घालून मीच ठेवलेला. कधी ठेवला, आठवत नाही. हात आपल्या सवयीने गेला असणार.

मी खाली येऊन तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी कॉलर उलटी केली. खिशातून ते कामाचं बारीक भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि आतून पाहिलं.

"यावर खूण नाही."

"विसरले घालायला."

"कुठे होता?"

"वर."

"वर कुठे?"

मी सुई शोधू लागले.

"कुणाच्या कपड्यांवर खूण नसते हो?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की दारातल्या माणसालाही ऐकू गेलं नसतं. दारात कुणी नव्हतं.

"...घरच्या."

त्यांनी भिंग खिशात ठेवलं. एका हाताने ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

"सभा झाली की... मतमोजणी झाली की मी तुमच्याशी एक बोलणार आहे," ते म्हणाले. "आता बोललो तर हॉलवाल्यांना आयतंच होईल. तुम्हालाच त्रास."

"सहा वाजतील," मी म्हटलं.

चार दिवस मी त्या एका बोलण्यावर काढले. इस्त्री करताना हसू येई आणि कोळसे ढवळायचं निमित्त करून मी तोंड फिरवी.

मतमोजणीत चष्मेवाले सत्तावीस मतांनी पडले.

बेकरीवाल्या मावशी मनाने वाईट नव्हत्या, पण जीभ त्यांना आवरत नसे. "सत्तावीस," त्या म्हणाल्या. "चहाच्या टपरीवरच्या हसण्यातच गेली असतील एवढी. तुला म्हणून सांगते, तुमच्या दोघांच्या नावाने गेली."

मी रात्रभर बसून एवढंच मोजलं, की बारा घरं माझ्याकडून गेली होती आणि त्या घरांत मतं सत्तावीसपेक्षा जास्त होती. माझ्यामुळे माझ्यासकट पाच जणांची दुकानं जाणार होती आणि सहावं त्यांचं.

सकाळी ते आले. बुधवार नव्हता.

"मी म्हटलं होतं, बोलायचंय..."

"काही बोलू नका," मी म्हटलं. "लोक बघताहेत. माझ्यापायी एवढं झालं ते पुरे. आता इथे येऊ नका."

"तुमच्यापायी नाही."

"येऊ नका म्हटलं ना."

ते म्हणाले, भावाच्या गावी जातोय, तिथे एक गाळा आहे. आणि हातातली गुंडाळी पुढे केली. डोळ्यांचा तक्ता होता आणि आत शिक्क्याची ती अर्जाची प्रत.

"मला काय करायचाय अर्ज?"

"ठेवा. वाचता आलं की वाचा."

माझ्या कानशिलांत आग झाली. वर्षभर जी गोष्ट त्यांनी झाकून ठेवली ती आज, हरल्यावर, तोंडावर म्हटली असं मला वाटलं. मी त्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. वर तो पांढरा शर्ट होता. मी सुईत पिवळा दोरा ओवला.

"याची खूण राहिलीय. घालून देते."

"राहू द्या," ते म्हणाले. "असाच असू द्या."

आणि गेले. त्या दिवशी मी चष्मा काढून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत लावला नाही.

*

महिन्याभरात रांग पडली. मला मोठ्या इस्पितळाच्या धोबीखान्यात काम मिळालं. सरकारी खोली, एक खिडकी, एक खुंटी. दिवसभर वाफेत शंभर बायांचा गलका आणि संध्याकाळी खोलीत नळाच्या थेंबाचा आवाज. एका माणसाचा स्वयंपाक मला कधी जमला नाही. दोघांचं शिजायचं आणि सकाळी मीच शिळं खायची. धाकटीला मुलगी झाली, तिचा संसार वाढला, तिचं येणं कमी झालं. कुणाची काही चूक नव्हती.

वर्षातून एकदा बेकरीवाल्या मावशींच्या नव्या पत्त्यावर माझ्या नावाचं कार्ड येई. त्यावर चष्म्याचं चित्र. त्या आणून देत आणि माझ्या तोंडाकडे बघत. मी ते न बघता पेटीत टाकी. कुणाकडून वाचून घ्यायचं म्हणजे वाचता येत नाही हे सांगायचं, आणि ते मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

इस्पितळात चादरींवर वॉर्डांची अक्षरं शिवलेली असत. मी गुपचूप माझे टाके घालत होते. कापडखात्याच्या सिस्टरांनी एक दिवस पकडलं.

"हे काय रंगीबेरंगी?"

"खुणा."

"इथे अक्षरं चालतात."

"मला येत नाहीत," मी म्हटलं. शब्द तोंडातून निघून गेले आणि छत काही पडलं नाही.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "मग शिका. उद्या डबा खाल्ला की माझ्या टेबलाशी बसायचं. आणि रडायचं नाही, माझ्याकडे वेळ नाही."

घरी सराव करायला मी तो तक्ता भिंतीवर टांगला. वरचं मोठं अक्षर पहिल्या आठवड्यात आलं. मग एकेक ओळ खाली. शेवटची ओळ यायला दीड वर्ष लागलं. तोवर रांग पडून चौथं वर्ष लागलं होतं. ती आली त्या रविवारी खोलीत वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी पेटीतून अर्ज काढला. बोट ठेवून वाचू लागले. नाव. वय. धंदा. पत्नी, हयात नाही. हे सगळं मी त्यांच्या आवाजात आधी ऐकलेलं होतं. मग ज्या ओळी माझ्या इस्त्रीखाली होत्या त्या.

पसंतीची चिन्हे क्रमाने लिहा.

एक, इस्त्री.

दोन, इस्त्री.

तीन, इस्त्री.

मला वाटलं, मीच चुकत असेन. एकेक अक्षर तक्त्याशी ताडून पाहिलं. मग पेटीतली तिन्ही कार्डं काढली. तिन्हींवर छापलं होतं, आपला चष्मा करून एक वर्ष झाले, नंबर तपासून घ्यावा. खाली पत्ता आणि त्याखाली हाताने लिहिलेली एक ओळ. पहिल्यावर, "दुकान स्टँडसमोर आहे." दुसऱ्यावर, "अजून इथेच आहे." तिसऱ्यावर, "तो शर्ट घालत नाही. खूण नाही, हरवेल."

माझ्याच हाताने तो कागद मी सपाट केला होता. वाफ जिरेपर्यंत वर इस्त्री धरून उभी होते.

*

बसने तीन तास लागले. स्टँडसमोर दोन पावलं रुंदीचा गाळा. ते वाकून कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू बसवत होते. केस कानाजवळ पांढरे झाले होते. कॉलर तशीच.

"नंबर तपासायचाय," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. हातातला स्क्रू खाली पडला, तो त्यांनी शोधला नाही. स्टूल पुढे केलं. चौकट माझ्या नाकावर ठेवली. मग भिंतीशी गेले आणि तिथल्या नव्या तक्त्याची चित्रांची बाजू लावली.

"ती नको," मी म्हटलं. "पुढची लावा."

त्यांनी वळून बघितलं. तक्ता पालटला.

मी वाचू लागले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. ते भिंतीला पाठ लावून उभे. सहाव्या ओळीपर्यंत एकदाही अडले नाही.

"सातवी?" ते म्हणाले.

"दिसत नाही."

त्यांनी काच बदलली. "आता?"

"नाही."

"आता?"

"नाहीच."

"दिसत नाही, की वाचायची नाही?"

"वाचली की उठावं लागेल," मी म्हटलं.

ते दुसरं स्टूल ओढून समोर बसले. मी पिशवीतून अर्ज काढला.

"तीन चिन्हं लिहायची होती. तुम्ही एकच लिहिलंत."

"तीन लिहिलीत."

"तिन्ही एकच."

"दुसरं काही सुचेना हो."

"चष्मा कुणी मागितला होता?"

"कुणीच नाही."

"त्यापायी सत्तावीस मतं गेली."

"गेली," ते म्हणाले. "चार वर्षं पण गेली. मतांचं एवढं नाही."

मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. त्यांनी माझ्या नाकावरची ती जड चौकट अलगद उतरवली, काचा आपल्या शर्टाला पुसल्या आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"अहो," मी म्हटलं. पहिल्यांदाच, मोठ्याने. "काचा झिजतील."

आम्ही त्याच उन्हाळ्यात कचेरीत जाऊन लग्न केलं. धाकटी मुलीला घेऊन आली आणि दिवसभर मला चिडवत राहिली. त्यांनी तो पांढरा शर्ट घातला होता, घडीवर पिवळा पडलेला. गाळ्याशेजारी मी पुन्हा टेबल मांडलं. गिऱ्हाइकांची नावं आता लिहून चिकटवत असे, पण दोऱ्याचे टाकेही घालत असे, सवय म्हणून. त्यांच्या शर्टांवर चौदा वर्षांत एकही टाका घातला नाही.

आता घरचं धुणं पुन्हा एका बादलीत मावतं.

धाकटीची मुलगी कॉलेजात गेली त्या वर्षी, ऑगस्टच्या अकरा तारखेला, मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता, दुकान उघडून बसले असताना चष्मेवाले वारले. वय सत्तावन्न होतं.